लांबचं स्टेशन

नाशिकला मध्यम लहरींचं केंद्र कधी झालंच नाही. आकाशवाणी नाशकात आली ती एफएम होऊन, १०१.४ वर. त्यामुळे नाशिकजवळच्या ओझरच्या कानाला जवळचं स्टेशन असं काही ठाऊकच नव्हतं. मुंबई सरळ रेषेत दीडशे किलोमीटरवर आणि मधे सह्याद्री. पुणे थेट दक्षिणेला, त्याहून थोडं लांब. जळगाव आणखी लांब. रेडिओ लावायचा म्हणजे लांबचंच काहीतरी ओढून आणायचं, हे घराघरांत गृहीत होतं. परदेशात याला छंद म्हणतात. त्याची मंडळं असतात, अमुक वेळी अमुक केंद्र ऐकलं असं लिहून कळवलं की केंद्राकडून पावतीचं कार्ड येतं, ते लोक जपून ठेवतात. आमच्याकडे तो नाइलाज होता. काहींच्या बाबतीत पुढे त्या नाइलाजाचाच नाद झाला, एवढंच.

मुंबईपासून ओझर ज्या अंतरावर आहे ते अंतरच मुळी अवघड. दिवसा मुंबई जमिनीला धरून यायची. ५५८ किलोहर्ट्झवरचं केंद्र त्यातल्या त्यात बरं, कारण लहर जितकी लांब तितकी ती जमिनीवरून पुढे टिकते. ११८८ वरची विविध भारती जेमतेम. सूर्य मावळला की साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा, दिवसभर या लहरी गिळून टाकणारा थर विरत जायचा आणि त्याच्याही वरच्या थरांवरून परतून तीच मुंबई दुसऱ्यांदा खाली उतरायची. एक मुंबई जमिनीवरून, एक आभाळातून. दोघी जुळल्या की आवाज भरून यायचा. बिनसल्या की गाणाऱ्याचा गळा घोगरा, बातम्या देणारा पाण्याखाली. मग थोड्या वेळात पुन्हा सगळं स्वच्छ. घरातली मंडळी सेल उतरले म्हणून ते उन्हात ठेवायची. सेल बिचारे धडधाकट असत.

आणि त्याच वेळी साडेपाचशे किलोमीटरवरचं नागपूर ठणठणीत! जमिनीवरून ते इथवर पोचूच शकत नव्हतं, म्हणून त्याच्या आभाळातल्या वाटेशी भांडायला कुणी नसायचं. जवळचं बिघडायचं, लांबचं खुलायचं. लहानपणी ज्याने हे ऐकलं त्याच्या मनातला नकाशा कायमचा वेगळा होतो. आमच्या नकाशात अंतर किलोमीटरमध्ये नसायचं, ते खरखरीत असायचं. तिन्हीसांजेला अंधार पूर्वेकडून सरकत येतो, म्हणून कोलकाता आधी उगवायचं आणि कराची मागाहून. प्रत्यक्षात कराची ओझरला कोलकात्यापेक्षा कितीतरी जवळ. पण उगवायची पाळी सूर्य ठरवायचा, सरहद्द नाही. ८८२ वर श्रीलंकेतलं पुत्तलम, १४१३ वर ओमानमधून बीबीसी. या गावांची नावं शाळेच्या भूगोलात नव्हती, ती आम्हाला काट्याने शिकवली.

१९६४ साली इथे मिग विमानं बनवणारी कंपनी आली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, आतली इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी वाटणी. कंपनीच्या टाउनशिपमध्ये त्यामुळे देशभरची माणसं. दिवसभर एका भोंग्यावर हलणाऱ्या या माणसांची रात्र मात्र ज्याची त्याची वेगळी असायची. मराठी घरातून ‘आपली आवड’ हा कार्यक्रम, शेजारून मल्याळी बातम्या, पलीकडे कुणीतरी तेलुगूसाठी सेट तिरपा करून बसलेला. तिरपा करणं महत्त्वाचं. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते. तिचं टोक ज्या दिशेला, तिकडचं स्टेशन बुजतं. मुंबईकडे टोक केलं की मुंबई मिटून जायची आणि तिच्या पाठीमागून भलतंच कुणी वर यायचं. होकायंत्राशिवाय दिशा कळण्याची ही रीत. मिग-२१ मधला एआरके-१० हा रेडिओ-कंपास याच तत्त्वावर चाले, याच मध्यम लहरींच्या परिसरात काम करी, आणि खाली कुठे दिशादर्शक वाजतोय ते वैमानिकाला दाखवी. १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरकडे निघालेल्या जपानी विमानांनी होनोलुलूच्या रेडिओवरचं संगीत धरूनच दिशा पक्की केली होती. एकच लहर, कुणी तिच्यावर स्वार होऊन गाव जाळायला निघतं, कुणी गावाची बोली ऐकायला बसतं.

खरी मजा गावाकडे, द्राक्षाच्या बागांत. शेतीची लाइट रात्रपाळीला असली की मोटर चालू करायला माणूस बागेत झोपायचा, उशाशी ट्रान्झिस्टर. सेट मांडवाच्या तारेजवळ नेला की बारीक स्टेशन एकदम अंगात आल्यासारखं बोलायला लागायचं, कारण ती अख्खी तारच एरियल व्हायची. एकरभर एरियल! असा थाट परदेशातल्या छांदिष्टांनाही सहसा मिळत नसेल. आमच्या निफाड तालुक्यातली थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध. बागायतदार घडांना ऊब म्हणून शेकोट्या पेटवतात. त्याच रात्री ऐकायला सगळ्यांत चांगल्या. लांब अंधार आणि वीज कुठे कडाडत नाही. उलट वैशाखात ढग दिसायच्या कितीतरी आधी रेडिओत कडकड सुरू व्हायची आणि म्हातारे म्हणायचे, आज वळीव येणार. बऱ्याचदा यायचा.

त्या बागांतल्या माणसांसाठी, ट्रकच्या क्लीनरांसाठी, वॉचमनांसाठी म्हणावं तर एक अख्खी वाहिनी होती. मे १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर. संध्याकाळी सुरू, पहाटे बंद. दिवसा तिला कामच नव्हतं, कारण तिचा रस्ताच रात्री उघडायचा. देशाच्या मध्यावर उभं राहून अंधाराच्या भरवशावर सगळीकडे बोलणारं हे स्टेशन मला फार भव्य वाटत आलं आहे, आणि हे भव्यपण बहुतेकांच्या झोपेत होऊन गेलं. त्याच १५६६ वर दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरूनही एक केंद्र बोलतं. फिनलंडसारख्या देशांतले छांदिष्ट बर्फात मैलमैल तारा अंथरून या दोघांतून नागपूर वेगळं काढायचे. बागेतल्या आमच्या माणसाला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, त्यांच्याकडेपण रात्रीचीच लाइट असते का?

२०१९ च्या सुरुवातीला खर्चाचं कारण देऊन राष्ट्रीय वाहिनी बंद केली गेली. देशभरचे मध्यम लहरींचे प्रक्षेपकही एकेक करून विझत चालले आहेत. जुने झाले, वीज खूप खातात, ऐकणारे उरले नाहीत. तिन्ही कारणं खरी आहेत आणि मला एकाशीही भांडायचं नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ची शेवटची उड्डाणं झाली, सलामी झाली, ज्यांनी ते इथे रिव्हेट रिव्हेट जोडलं त्यांचे डोळे भरले. प्रक्षेपक बंद होतो तेव्हा मात्र काट्यावर नुसती मोकळी जागा होते. ज्याला तिथे काय होतं हे माहीत, त्यालाच ती जागा मोकळी दिसते.

तीच सगळी गाणी आता मोबाइलवर आहेत, स्वच्छ, हव्या त्या क्षणी. कोलकाता, कराची, पुणे, सगळे एकाच अंतरावर, म्हणजे कुठल्याच अंतरावर नाहीत. आवाज आपल्याकडे किती सोसून आला, मधे कुठे पाऊस पडत होता, कुठे अजून उजेड होता, हे त्या आवाजाच्या अंगावर लिहिलेलं असायचं. मला शोक आहे तो त्या लिहिण्याचा. गाण्यांचा नाही.

शिवाय आता ऐकायचं म्हटलं तरी घर ऐकू देत नाही. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा डबा, सगळे या पट्ट्यावर अखंड गुरगुरत असतात. भारनियमनाच्या काळात गावाने सरकारला शिव्या घातल्या, पण लाइट गेली की रेडिओचं आभाळ असं धुऊन निघायचं की दोन स्टेशनांमधली शांतताही ऐकू यायची. त्या अंधाराबद्दल कुणी आभार मानल्याचं आठवत नाही.

तेव्हा कुणाला करूनच पाहायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतली रात्र धरावी, दहानंतरची. सेटमध्ये नवे सेल घालावेत आणि घराचा मेन स्विच पाडावा. काटा डाव्या टोकापासून अगदी सावकाश न्यावा, कांडीची दिशा बदलत राहावी. कोण लागेल ते सांगता येत नाही. कमी झालेत, पण सगळे गेलेले नाहीत. घरातले ओरडतील, फ्रिजमधलं दूध नासेल म्हणतील. थंडीत तासाभरात काही होत नाही दुधाला.