कुलूप कशाला असते?

नवे यंत्र दारात आले की माणसे टाळाटाळ करतात, आणि त्याचा दोष आपण बहुधा वयाला देतो. 'आता या वयात काय शिकायचे!' हे वाक्य तर चाळिशीच्या आतले गृहस्थही बेधडक म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. यंत्र आपलेसे करायचे की नाही हे वय ठरवीत नाही. कचेरीची हवा ठरवते.

आमचे चोपडा गाव तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले. आगगाडी नदीपलीकडून, धरणगाव-अमळनेरवरून जाते. आमच्याकडे ती कधी फिरकलीच नाही. अशा गावाला टेलिफोनचे केवढे अप्रूप असावे! पण 1974 साली मी इथल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा तिथला फोन साहेबांच्या खोलीत लाकडी पेटीत कुलूपबंद होता. किल्ली अव्वल कारकुनाच्या कमरेला. जळगावला ट्रंक कॉल लावायचा तर आधी चिठ्ठी, मग मंजुरी, मग वहीत नोंद. तेवढ्यात माणूस एस.टी.ने जळगावला जाऊन, काम उरकून परत येई!

खरे कारण मात्र कुलूप नव्हते. पत्राला बारनिशीचा क्रमांक असे, शिक्का असे. उद्या कोणी जाब विचारला तर बोट ठेवायला जागा असे. फोनवरच्या बोलण्याला साक्षीदार कोण? चूक झाली की मेमो ठरलेला. त्यामुळे पेटी उघडी असली, तरी आम्ही पत्रच लिहीत असू.

रस्त्यापलीकडे कापसाच्या व्यापाऱ्याची पेढी होती. तिथले दिवाणजी मराठी चौथी शिकलेले. पण मुंबईचा रुईचा भाव विचारायला दुप्पट पैशांचा अर्जंट कॉल लावताना त्यांचा हात कचरत नसे. एकदा आकडा ऐकण्यात गफलत झाली आणि शेठजींना चांगलाच फटका बसला. शेठजी एवढेच म्हणाले, "दिवाणजी, यापुढे आकडा दोनदा वदवून घेत चला." दुसऱ्या दिवसापासून पेढीतले सगळेच, अगदी वजनकाट्यावरचा पोऱ्यासुद्धा, आकडा दोनदा वदवून घेऊ लागले. आमच्याकडे तीच चूक झाली असती, तर पेटीला दुसरे कुलूप लागले असते!

पुढे दिवस पालटले. 1960 साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झालेली एस.टी.डी. यथावकाश खानदेशातही आली. 1995 साली देशात मोबाईल आला, आणि 2013 च्या जुलैत तारखाते कायमचे मिटले. आता माझा पुतण्या नोकरीत आहे. त्याच्या खिशात फोन, फोनमध्ये कार्यालयाचा व्हॉट्सॲप गट. मला वाटले, सुटले एकदाचे कुलूप! पण साहेबांचा हुकूम आला की गटावर 'येस सर'ची आणि अंगठ्यांची रांग लागते; शंका एकाचीही नसते. शंका सगळ्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर. म्हणजे कुलूप पेटीवरून निघाले ते जिभेवर बसले.

हे हसण्यावारी नेले असते. पण पावसाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडू लागले, की तापीकाठच्या आमच्या गावांना वेळेवर निरोप पोचावा लागतो. त्या धरणाला एक-दोन नव्हे, 41 दरवाजे आहेत. मध्यरात्री एखाद्या कारकुनाला पाण्याच्या आकड्यात काही विपरीत दिसले, तर तो साहेबांना झोपेतून उठवील का? ते त्याचा फोन किती महाग आहे यावर ठरत नाही. मागच्या खेपेस उठवले तेव्हा त्याला काय ऐकावे लागले, यावर ठरते.

आणि कचेरीलाच नावे कशाला ठेवायची? परगावी शिकणारा मुलगा नापास झाल्याची बातमी त्याच दिवशी कळवतो की आठ दिवस दडवून ठेवतो, हेसुद्धा बापाच्या आवाजावरच असते.

तेव्हा या दिवाळीत नवा फोन घेणार असाल तर खुशाल घ्या. फक्त त्यावरून येणारी पहिली वाईट बातमी कशी ऐकायची, याची तयारी आधी करून ठेवा.