बॉनच्या बागेतील कमलपत्र

जर्मनीतील बॉन येथे पॉपेल्सडॉर्फ राजवाड्याभोवती विद्यापीठाचे वनस्पती-उद्यान पसरले आहे. येथील प्राध्यापक विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी १९९७ साली कमलपत्राचे रहस्य सविस्तर मांडले. पानावरील सूक्ष्म उंचवटे व त्यांवरील मेणाचे स्फटिक यांमुळे थेंब टेकतो, पण पसरत नाही. घरंगळताना धूळही घेऊन जातो. आता नक्षीदार रुळाखालून प्लास्टिकची पट्टी सरकवून तसेच उंचवटे अखंड उमटवता येतात. परंतु घर्षणाने ते झिजले की पट्टीला पाणी चिकटू लागते. जिवंत पानावर मात्र मेण पुन्हा येते. अलिप्तता एकदा उमटवून भागत नाही, ती नित्य नवी करावी लागते, हेच त्या उद्यानातून निघताना मनावर ठसले.