दोष डोळ्यांचा नव्हता!

पस्तिशी उलटली की बाईचं काहीही बिनसलं तरी लोक ते वयावर ढकलतात, हा अनुभव तुम्हालाही असेलच. या वर्षी माझ्या डोळ्यांवर अशीच पाळी आली.

मी अर्धवेळ शिक्षिका. नववीला मराठी शिकवते. निकालाचं काम रात्री, ओटा आवरून झाला की जेवणाच्या टेबलावर. यंदा भावानं त्याचा वापरलेला लॅपटॉप दिला. पडदा काय सुरेख! पण शाळेचं गुणपत्रकाचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं, तर अक्षरं अशी बारीक की मोहरी निवडायला बसल्यासारखं वाटावं. चौकटही पोस्टाच्या तिकिटाएवढी, एका कोपऱ्यात. ह्यांनी माझ्या चष्म्याकडे बोट दाखवलं. डोळे तपासून आले. नंबर होता तेवढाच!

मग तसेच रेटून सहामाहीचे गुण भरले, आणि व्हायचं तेच झालं. ओळींत अंतर केसाएवढं. एकीचे ७१ गुण खालच्या मुलीच्या नावापुढे गेले आणि तिचे ३१ वरचीला. पेपर वाटण्याआधीच गुणपत्रकं घरोघर पोचली. दुसऱ्या दिवशी पहिलीची आई शाळेत हजर. मुलगी मागे उभी, डोळे सुजलेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या रात्री पुण्याच्या भावोजींना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, ठिपक्यांची रांगोळी काढता ना? पंधरा ठिपक्यांचीच रांगोळी, पण ठिपके जवळजवळ दिले तर केवढी होईल?" तेव्हा कुठे उजेड पडला. पडद्यावरचं अक्षरही ठिपक्यांचंच. जुनी सॉफ्टवेअर एका इंचात ९६ ठिपके धरून चालतात. आमच्या साडेपंधरा इंची पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, म्हणजे इंचाला जवळजवळ २८०. अक्षर एक तृतीयांश होणार नाही तर काय! नवी सॉफ्टवेअर आपणहून मोठी होतात. हे जुनं मात्र विंडोजला सांगून मोकळं होतं, 'माझं मी बघतो', आणि बघत मात्र काहीच नाही. (असे लोक प्रत्येक घरात एखाददुसरे असतातच.)

उपाय पाच मिनिटांचा निघाला. सॉफ्टवेअर बंद करायचं. त्याच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडायचं. त्यात 'कम्पॅटिबिलिटी', मग 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. सर्वांत खाली 'ओव्हरराइड' अशी ओळ असते, तिथे खूण करून यादीतून 'सिस्टिम एन्हान्स्ड' निवडायचं. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ही सोय आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरला ती मानवत नाही. मग नुसतं 'सिस्टिम' घ्यावं. अक्षर किंचित भुरकट दिसतं, पण वाचता येतं. मी आधी सगळ्या पडद्याचेच ठिपके कमी करून १९२० बाय १०८० केले होते. त्यानं काम भागतं, पण बाकीचं सुबक दिसणारंही विनाकारण बिघडतं.

सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं आणि नावं ठसठशीत दिसली. सगळी यादी वहीशी पडताळली. चूक तेवढी एकच होती.

पहिल्या मुलीचं निस्तरणं सोपं होतं. मी वर्गासमोर चूक कबूल केली, तिच्या आईचीही माफी मागितली. कठीण होती ती दुसरी. आयुष्यात पहिल्यांदा मराठीत ७१ मिळाले म्हणून तिच्या वडिलांनी पेढे आणले होते, तिनं डब्यातून मलाही एक दिला होता. तिला बाजूला घेऊन पेपर हातात ठेवला. तिनं ३१ वर बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, मला वाटलंच होतं."

आता शनिवारी शाळा सुटल्यावर ती तासभर माझ्याकडे बसते. व्याकरण कच्चं आहे, निबंध मात्र बरा लिहिते.