पास कुणाला द्यायचा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा मुलगा पुण्याहून खामगावला आला. त्याचा गणिताचा विषय राहिला होता. हे आम्हाला त्याच्याकडून नव्हे, त्याच्या मित्राच्या वडिलांकडून कळले. मग आठ दिवस घरात अबोला. तो संगणकावर फुटबॉल खेळायचा आणि आम्ही ऑफिसातून येताच एकच विचारायचो, "अभ्यास केला का?"

रविवारी आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, एकदा त्याच्याजवळ बसून तर पाहा." आम्ही बसलो. त्याने दुसरा कंट्रोलर आमच्या हाती दिला. पहिला सामना आम्ही पाच गोलांनी हरलो. चेंडू मिळाला की पुढे मारायचा, एवढेच आम्हाला ठाऊक!

"पप्पा, काहून घाई करता? आधी समोरचे कसे उभे आहेत ते पाहा."

मग त्याने समजावले. समोरचा माणसामागे माणूस लावत असेल, तर आपल्या पुढच्या खेळाडूला थोडे मागे येऊ द्यावे. त्याचा रखवालदारही मागोमाग येतो. मग मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्याला पळवून पास द्यावा. पण बचाव करणारे आपापली जागा राखत असतील, तर कुणी हलत नाही. तेव्हा दोन रखवालदारांच्या मधल्या फटीत माणूस उभा करावा आणि चेंडू या कडेचा त्या कडेला फिरवावा. त्यांची रांग सरकते, लांबच्या कडेला जागा होते. रांग फार पुढे आलेली असेल, तर पाठीमागे पास द्यावा. मात्र पास सुटण्याआधी आपला खेळाडू रांगेपलीकडे गेला, तर ऑफसाइड.

हा नुसता पोरखेळ नव्हे. 1982 च्या विश्वचषकात इटलीच्या जेन्तिलेने मॅराडोनाला असेच चिकटून जखडले होते. पुढे साक्कींच्या मिलानने जागा राखण्याच्या पद्धतीवर 1989 आणि 1990 चे युरोपियन कप जिंकले. आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत संगणकावरच्या फुटबॉललाही पदक होते.

"मागे पास देणे म्हणजे हरणे नव्हे," तो म्हणाला. संध्याकाळी आमचा पहिला गोल झाला, तेव्हा आमच्यापेक्षा तोच जास्त ओरडला.

खेळ बंद करताना तो हळूच बोलला, "पप्पा, निकाल तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायचा होता. पण तुम्ही बोलायला जागाच ठेवत नाही."

आम्ही गप्प झालो. आठ दिवस आम्हीही त्याला चिकटूनच होतो की!

दुसऱ्या दिवशी आम्ही "अभ्यास केला का?" असे विचारले नाही. "कोणत्या प्रकरणाशी अडतोस?" एवढेच विचारले. त्याने वही उघडली. आम्ही बी.कॉम.; इंजिनिअरिंगचे गणित आमच्या आवाक्याबाहेरचे. तरी तासभर शेजारी बसलो. तो बोलत होता.