बदललेल्या तारा

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. दर संध्याकाळी आम्ही धर्मग्रामातल्या एकेका घरी माळ म्हणतो. यंदा एका घरी गेलो, तिथला तरुण मुलगा पावसाळ्यात वारला होता. आम्ही सारे नमो मारिया म्हणत होतो, पण आईच्या तोंडून शब्द फुटेना. ‘प्रार्थना केल्याने तरी बरे वाटेल,’ असे आमच्यातले कोणीतरी बोलून गेले. परतताना आम्हांलाच ते बोलणे टोचत राहिले.

त्याच आठवड्यात गायनमंडळाच्या सरावाला आम्ही बीबर यांचे व्हायोलिनवादन ऐकले. हाइनरिख बीबर हे सतराव्या शतकात साल्झबुर्गच्या आर्चबिशपांच्या पदरी होते. जपमाळेच्या पंधरा रहस्यांवर त्यांनी पंधरा सोनाटा रचले. पहिला सोडला तर बाकी चौदांमध्ये व्हायोलिनच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या जुळवाव्या लागतात. पुनरुत्थानाच्या सोनाटात तर मधल्या दोन तारांची अदलाबदल होते आणि घोडीमागे त्यांचा क्रूस तयार होतो!

हे संगीत त्या काळच्या रीतीने वाजवणारे वादक आतड्याच्या तारा लावतात. ताण बदलला की या तारा लगेच स्थिर होत नाहीत. पुन्हा पुन्हा उतरतात. घाई करून चालत नाही. शिवाय कागदावरचा स्वर बोट कुठे ठेवायचे एवढेच सांगतो. कानी पडतो तो स्वर वेगळाच.

आम्हांला त्या आईची आठवण झाली. शब्द तेच होते, पण दुःखाने तिच्या तारा बदलल्या होत्या. आम्ही मात्र जुन्याच सुराची वाट पाहत होतो.

शेवटची रचना पासाकालिया. तिथे तारा पुन्हा नेहमीसारख्या जुळतात आणि व्हायोलिन एकटेच वाजते, साथीला कोणी नाही. खाली उतरणारे तेच चार स्वर ६५ वेळा येतात, माळेच्या मण्यांसारखे. हस्तलिखितात या रचनेपाशी चित्र आहे ते रक्षकदूताचे. त्याने एका बालकाचा हात धरला आहे.

आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. या वेळी उपदेश केला नाही. आईच्या हातात माळ होती, ओठ मिटलेले होते. तिच्या वाटचे नमो मारिया आम्ही म्हटले.

प्रभो, ज्यांचा सूर अजून लागत नाही, त्यांच्यापाशी थांबण्याचा धीर आम्हांला दे. आमेन.