जरा ओळख करून द्या!

स्वतःची ओळख करून देणे हे काम मला जन्मभर अवघड वाटत आले आहे. लग्नाच्या बोलण्यांत ती वडीलधाऱ्यांनी करून दिली, नोकरीत ती खुर्चीने करून दिली, आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर ओळख विचारणारेच कमी झाले. त्यामुळे एकंदर निभावून गेले. पण सत्तरीच्या उंबरठ्यावर, रविवारी पहाटे सहा वाजता, पुण्यात कोथरूडला कर्वे पुतळ्यापाशी, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखे हेल्मेट चढवून, वीस-पंचवीस परक्या माणसांसमोर मला ती स्वतःच्या तोंडाने करून द्यावी लागेल, असे एखाद्या ज्योतिषाने सांगितले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती.

त्याचे असे झाले, की डॉक्टरांनी माझी साखर मोजली आणि मान हलवली. घरी येऊन मी ही वार्ता सांगितली, तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, गॅलरीतली सायकल नुसती धूळ खातेय. रविवारी सकाळी पुष्कळ लोक मिळून जातात. तुम्हीही जा ना!" सायकल चिरंजीवांची. त्यांनी ती मोठ्या हौसेने घेतली आणि पुढे तितक्याच हौसेने मोटार घेतली. आमच्या कुटुंबाचे मत वेगळे होते. "या वयात पडलात म्हणजे दवाखान्याच्या खेपा मलाच घालाव्या लागतील," असे ती म्हणाली. पण शनिवारी रात्री तिनेच माझ्या उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवली.

या सायकलवाल्या मंडळींचा एक रिवाज आहे. नव्याने आलेल्याने निघण्यापूर्वी सर्वांच्या मध्ये उभे राहायचे आणि आपली ओळख करून द्यायची. आमच्या काळी अनोळखी मनुष्य भेटला, की "आपण मूळचे कुठले? कुठल्या खात्यात?" असे विचारून हळूहळू नातेवाइकांपर्यंत पोहोचण्याची पद्धत होती. इथे कुणी गाव विचारत नाही, खाते विचारत नाही. प्रश्न तीनच. नाव काय, सायकल कोणती, आणि आजवरची सर्वांत लांबची मजल किती?

त्या दिवशी आम्ही चौघे नवे होतो. पहिले गृहस्थ संगणक कंपनीतले. त्यांची सायकल कार्बनची, एका बोटावर उचलता येणारी. किंमत ऐकून मी मनातल्या मनात माझ्या पहिल्या फ्लॅटशी ताडून पाहिली आणि गप्प बसलो. ते म्हणाले, "मी एस. आर. आहे." मला वाटले, हे माझ्यासारखेच 'सेवानिवृत्त' असावेत, पण वय फारच कमी दिसत होते! मागाहून कळले, की एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चार फेऱ्या ठरलेल्या वेळात पुऱ्या करणाऱ्याला हा किताब मिळतो. दोनशेला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. या फेऱ्यांना 'ब्रेव्हे' असे फ्रेंच नाव आहे. दर चार वर्षांनी फ्रान्समध्ये पॅरिसहून ब्रेस्त गावापर्यंत जाऊन परत यायचे, बाराशे किलोमीटर, आणि तेही नव्वद तासांत, असा त्यांचा कुंभमेळा भरतो. १८९१ साली तो शर्यत म्हणून सुरू झाला. आता तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत परत आले म्हणजे झाले. गृहस्थांना तिकडे जायचे होते.

दुसरा होता सातवीतला एक मुलगा, वडिलांबरोबर आलेला. त्याची लांबची मजल बारा किलोमीटर. "पण त्यातले चार चढाचे होते," हे त्याने दोनदा सांगितले.

तिसऱ्या होत्या बावन्न वर्षांच्या एक बाई. त्या म्हणाल्या, "मला पंधरा दिवसांपूर्वी सायकल यायला लागली. लहानपणी भावांना शिकवली, मला नाही शिकवली. आता सरळ जाता येतं, वळता पण येतं. फक्त उतरता येत नाही. तेव्हा मी थांबायला लागले, की कुणीतरी धरा." यावर सगळे हसले, त्याही हसल्या, आणि त्या दिवसापासून त्यांना धरण्यासाठी एक मनुष्य कायमचा नेमला गेला.

मग माझी पाळी. मी नाव सांगितले, बँकेतून निवृत्त झाल्याचे कुणी विचारले नसताना सांगितले. "सायकल मुलाची. लांबची मजल मोजलेली नाही." आमची पुढारी म्हणजे एक पंचविशीची तरतरीत मुलगी. तिने सहज विचारले, "काका, तुमची पहिली सायकल कोणती होती?"

"आता आठवत नाही," मी म्हणालो.

हे साफ खोटे होते. मला ती सायकल दांडीवरच्या पोपड्यांसकट आठवत होती.

काळी, चोवीस इंची हर्क्युलस. वडिलांनी ती १९५२ साली, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागल्यावर घेतली. तेव्हाचे पुणे हे सायकलींचे शहर होते. सकाळी कारखान्यांच्या वेळेला पुलांवरून सायकलींचा असा लोंढा निघे, की रस्ता ओलांडणाऱ्याला काठावर उभे राहून वाट पाहावी लागे. रात्री दिवा नसला किंवा मागे दुसऱ्याला बसवले, तर पोलीस अडवी. वडील उजव्या पायाच्या विजारीला पोलादी क्लिप लावत, कॅरिअरला डबा अडकवत आणि नारायण पेठेतून खडकीला जात. पावसाळ्यातही सायकल, तापातही सायकल.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. वडील नेहमीप्रमाणे कामावर गेलेले. आईने आम्हा भावंडांना घेऊन उंचावरच्या नातेवाइकांचे घर गाठले. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर वडील चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन आमचा शोध घेत आले. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, आईची शिवणाची मशीन, सगळे नदीने नेले होते. संसारातली कोरडी राहिलेली वस्तू एकच, ती सायकल. आई तिच्याकडे पाहून रडली आणि मग हसली, असे माझी थोरली बहीण सांगते.

त्याच सायकलवर पुढे मी दांडीखालून पाय घालून चालवायला शिकलो, गुडघे फोडून घेतले. वडील १९८२ साली निवृत्त झाले, तरी मंडईला जाताना त्यांना तीच लागे.

१९८५ साली मला स्कूटर मिळाली. त्या काळी स्कूटर विकत मिळत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि मग ती घरात मुलगा झाल्यासारखी येई. वाड्यात तिला ठेवायला जागा एकच, जिन्याखालची. तिथे सायकल होती. वडील दुपारी झोपले असताना भंगारवाला आला आणि मी तिचा सौदा करून टाकला. पंचाहत्तर रुपये.

संध्याकाळी वडील पिशवी घेऊन जिन्याखाली गेले आणि परत वर आले.

"किती आले?" त्यांनी विचारले.

"पंचाहत्तर."

"बरं," ते म्हणाले, आणि चपला घालून मंडईला चालत गेले. त्यानंतरची आठ वर्षे ते चालतच गेले. मी कितीदा म्हटले, "दादा, स्कूटरवर सोडतो." ते म्हणत, "तुला उशीर होईल." रागाचा एक शब्द नाही. रागावले असते तर माझी सुटका झाली असती. १९९३ साली ते गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तर धोतरजोडीखाली कागदात गुंडाळलेल्या दोन क्लिपा निघाल्या, तेल लावून ठेवलेल्या.

तर ही माझी पहिली सायकल. आता तुम्हीच सांगा, ही कथा पहाटे सहाला पुतळ्यापाशी उभे राहून कशी सांगायची?

तिसऱ्या रविवारची गोष्ट. आम्ही सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला निघण्याच्या तयारीत होतो. इतक्यात एका जुन्या काळ्या सायकलची चेन आमच्यासमोरच पडली. खाकी शर्टातला पन्नाशीचा मनुष्य उतरला, रस्त्याकडेची काडी उचलली आणि चेन पुन्हा दातांवर बसवू लागला. आमच्या पुढारीण बाईंना वाटले, हे कुणी नवे आले. "काका, नवीन ना? जरा ओळख करून द्या!"

तो मनुष्य बुजला. "माझी कसली वळख, ताई? वॉचमन हाय. रात्रपाळी सुटली, घराकडं चाललोय."

एस. आर. साहेबांनी विचारले, "घर कुठे?"

"किरकटवाडीला."

"म्हणजे किती किलोमीटर?"

"धरा अकरा. येताना अकरा, जाताना अकरा."

"किती वर्षं?"

"ही वीस झाली."

साहेबांनी फोन काढला. रोजचे बावीस, वर्षाचे तीनशे दिवस, वीस वर्षे. "एक लाख बत्तीस हजार किलोमीटर!" ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पृथ्वीला तीन फेऱ्या मारून चौथी चालू आहे यांची." कुणी काही बोलले नाही. बावीस-पंचवीस माणसे, डोक्यावर कलिंगडाच्या फोडी, हातात दस्ताने, सगळी स्तब्ध. तो मात्र हसला. "एवढं झालं व्हय? मग पगार वाढवा म्हणावं मालकाला!" हात विजारीला पुसून तो आमच्याबरोबरच निघाला. निम्म्या वाटेपर्यंत तो आमच्या पुढे होता. किरकटवाडीच्या फाट्याला त्याने मागे न पाहता हात वर केला आणि वळला.

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आकडेमोड हा माझा जन्माचा धंदा. नारायण पेठ ते खडकी, जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस. तीस वर्षे. उत्तर आले एक लाख पस्तीस हजार. दुसऱ्यांच्या कर्जाची व्याजे काढण्यात उभे आयुष्य घातले, पण हा हिशेब कधी मांडला नव्हता. मग त्याला पंचाहत्तराने भागले. रुपयाला अठराशे किलोमीटर, या भावाने मी ती सायकल विकली होती.

कुटुंबाने विचारले, "कसला हिशेब चाललाय?" मी तिला सगळे सांगितले. चाळीस वर्षांत हे मी तिलाही बोललो नव्हतो. तिने कागद उलटसुलट पाहिला आणि कपाटातून क्लिपा काढून माझ्यापुढे ठेवल्या. त्या तिने अजून तेल लावून ठेवल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हते.

पुढच्या रविवारी नवी मंडळी ओळख करून देत असताना मी हात वर केला. "काका, तुमची झाली की ओळख!" पुढारीण म्हणाली.

"झाली, पण चुकीची झाली," मी म्हणालो, आणि सांगितले. सायकल कोणती, कुणाची, पाण्यातून कशी वाचली आणि माझ्या हातून कशी गेली. फार वेळ लागला नाही. चाळीस वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट तीन मिनिटांत संपते, याचे मलाच नवल वाटले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, धीराचे चार शब्दही बोलले नाहीत. त्या बावन्न वर्षांच्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "चला, आज तुम्ही माझ्या पुढं राहा." मला वाटते, हीच त्या मंडळींची समजूत घालण्याची रीत असावी.

मी वाकून उजव्या पायाला क्लिप लावू लागलो. सातवीतला मुलगा शेजारी उभा राहून पाहत होता.

"आजोबा, हे काय?"

"विजार चेनमध्ये अडकू नये म्हणून. माझ्या वडिलांची आहे."

"ते किती किलोमीटर चालवायचे?"

मी आकडा सांगितला. त्याने डोळे विस्फारले.

"मग ते एस. आर. होते का?"

"नाही रे," मी म्हणालो, "ते फक्त रोज वेळेवर कामावर जात."