गाडी हवा घेते

मराठी शिकवणाऱ्या माणसाने यंत्राविषयी लिहायला घेतले की वाचक पुढच्या परिच्छेदात रूपकाची वाट पाहू लागतो. त्यांची निराशा होईल. आमची जीप ही जीपच आहे. १९९४ सालची, फ्रेंच आरेखनावरून आपल्याकडे बनलेल्या २११२ सीसीच्या डिझेल इंजिनाची. आजरा तालुक्यातल्या आमच्या गावी काजूच्या बागेकडे जाणारी वाट पावसाळ्यात दुसऱ्या कुठल्या वाहनाला दाद देत नसे, म्हणून आप्पांनी ती घेतली होती.

२०२२ च्या दिवाळीपासून ती सकाळी अडू लागली. सेल्फ फिरे, फिरतच राही, इंजिन काही पेट घेत नसे. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात लागलीच, तर पहिली पाच-सात मिनिटे अडखळत चाले, साऱ्या अंगाने थरथरे, रेस वाढवली की बंद पडू पाही. एकदा चालू लागली की मात्र दिवसभर तक्रार नसे. कोल्हापूरहून शनिवार-रविवारी येणाऱ्या मला कारण तत्काळ उमगले: थंडी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा विसाव्या हिश्शाच्या आसपास दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन गार असले की ही उष्णता अपुरी पडते, म्हणून सुरुवातीला हीटर प्लगचे साहाय्य लागते. सबब दोष हीटरचा. मी चारही हीटर बदलले. दोन दिवस बरे गेले. मग नवी बॅटरी घेतली. मग नोझल उतरवून तपासून आणले. दर दुरुस्तीनंतर दोन दिवस बरे जात आणि माझा सिद्धान्त तेवढ्यापुरता सिद्ध होई.

त्याच डिसेंबरात एका रात्री अडीचच्या सुमारास आप्पांच्या छातीत दुखू लागले. मी घरीच होतो. जीप नव्या शेडमध्ये उभी होती. सेल्फ फिरला, नवी बॅटरी उतरेपर्यंत फिरला. पलीकडच्या वाडीवरचा टेम्पो यायला चाळीस मिनिटे लागली. गडहिंग्लजला पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते. ती चाळीस मिनिटे हातात असती तर काय झाले असते, हे निश्चित सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. माणूस गेल्यावर डॉक्टर असेच म्हणतात. ते खरेही असू शकते.

त्यानंतर जीपला कुणी हात लावला नाही. २०२४ मध्ये नोंदणीची मुदत संपत आली. पंधरा वर्षे उलटलेल्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. भंगारवाला येऊन दर सांगून गेला. आईने होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. विकण्याआधी निदान कारण कळावे, एवढ्यासाठी मी गडहिंग्लजच्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावून आणले.

त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. आधी विचारले, ‘‘सर, गार असल्यावर लागत न्हाई, का उभी ऱ्हायल्यावर?’’

मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटले. सकाळची गाडी गारही असते आणि रात्रभर उभीही असते. ते म्हणाले, ‘‘दोन्ही येगळं करून बघा की.’’ मग एकेक आठवू लागले. ऐन उकाड्यात, ऑक्टोबरच्या अखेरीस, दोन दिवस उभी राहिली तेव्हा ती तशीच अडली होती. उलट आंबोली घाटात, कडाक्याच्या थंडीत, तासभर थांबून निघालो तेव्हा अर्ध्या फेऱ्यात लागली होती. या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. माझ्या सिद्धान्तात त्या बसत नव्हत्या, म्हणून मी त्या वाचल्याच नव्हत्या.

त्यांनी आपली बॅटरी जोडली, मला सेल्फ मारायला सांगितले आणि स्वतः मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहत उभे राहिले. धूर नव्हता. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचते आहे, पण पेटत नाही; तेव्हा हीटर, कॉम्प्रेशन, टायमिंग पाहावे. धूरच नसेल तर डिझेल पोहोचतच नाही; मग हीटर बदलून काय उपयोग? मग त्यांनी ताज्या डिझेलचा एक कॅन बॉनेटपेक्षा उंच टांगला, त्याची नळी थेट पंपाला दिली, हातपंपाने हवा काढली आणि सेल्फ मारला. दोन वर्षे मुकी असलेली जीप लागली आणि एकसारखी, न अडखळता चालू लागली. म्हणजे इंजिन, पंप, नोझल, सारे निर्दोष. दोष टाकी आणि पंप यांच्या मध्ये. मूळ नळी पुन्हा जोडून मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा घातला, तेव्हा त्यातून बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली.

‘‘गाडी हवा घेतीया,’’ ते म्हणाले.

टाकीजवळच्या वळणावर बोटभर लांबीचा रबरी पाइप होता. वाकवला की त्यावर बारीक भेगा दिसत. किंमत शंभर रुपयांच्या आत.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या टिपणांतून वाचनातल्या अडथळ्यांचा अभ्यास १९२९ साली प्रसिद्ध केला. समोरच्या ओळींपेक्षा आपल्या मनातल्या तयार प्रतिसादांवर वाचक किती विसंबतो, हे मी दरवर्षी एम.ए.च्या वर्गात शिकवतो. जरा आवेशानेच शिकवतो. घरच्या शेडमध्ये मात्र मी त्यातल्या अत्यंत सामान्य विद्यार्थ्यासारखा वागलो होतो. दर दुरुस्तीनंतर गाडी दोन दिवस बरी चाले, तेही मिस्त्रींनी एका वाक्यात उलगडले: दुरुस्तीच्या निमित्ताने नळ्यांतली हवा निघून जात असे, एवढेच.

‘‘पण पाइपला भेग होती तर डिझेल गळायला हवं होतं,’’ मी म्हणालो. वाद जिंकण्याची खोड जात नाही.

ते हसले नाहीत. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. तिथे भेग असली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गाडी उभी राहिली की डिझेल हळूहळू टाकीत परतते आणि नळी रिकामी होते. पण टाकी उंच आणि तोंड खाली अशी उतारावर गाडी लावली, तर नळी भरलेली राहते. थोडे डिझेल तेवढे ठिबकते.

मी गप्प झालो. आप्पा ते शेवटचे वर्षभर जीप अंगणातल्या उतारावर, तोंड खाली करून लावत. ढकलायला सोपे जावे म्हणून, असे आम्ही समजत होतो. अंगणात डिझेलचा वास येतो, म्हणून आई कुरकुरत असे. आणि दिवाळीच्या आधी शेड मी बांधून घेतली होती. तिची जमीन मागे उतरती होती, पाणी निघून जावे म्हणून. तिथे जीपचे तोंड वर राही.

‘‘हा पाइप किती दिवसांपासून असा असेल?’’

‘‘रबराचं काय सांगावं, सर?’’ ते हात पुसत म्हणाले.

नोंदणीचे काम पुढच्या महिन्यात झाले. पण त्या संध्याकाळी मी आईला सगळे सांगितले. पाइप, भेगा, हवा आणि शेडसुद्धा. ती काजू निवडत होती. बराच वेळ तिचे हात थांबले नाहीत. मग खाली पाहतच म्हणाली, ‘‘शेडची जागा तुला त्यांनीच दाखवली होती. विसरलास?’’

मला तसे काही आठवत नाही. ते खरेच घडले होते, की तिने ते माझ्यासाठी म्हटले, हे मी तिला विचारलेले नाही.